चांगलं कोकरू बाजारात जाण्याआधी: छोट्या मेंढपाळांसाठी पैदास कार्यक्रम कसा आखावा

मेंढीबाजारात सकाळी लवकर पोचलात तर दिसेल, की तीन-साडेतीन महिन्यांची, पाठीवर भरलेली, चपळ नर कोकरं हातोहात जातात. व्यापारी त्यांनाच आधी हात घालतो आणि भावही त्यांनाच देतो. मेंढपाळाला पैशाची नड असते, त्यामुळे तो विकतो. यात त्याचं काहीच चुकत नाही. पण वाड्यावर (मेंढपाळाच्या कळपासह मुक्कामावर) मागे उरतं ते उशिरा जन्मलेलं, अंगानं रोडावलेलं, गिऱ्हाईक न मिळालेलं कोकरू, आणि वर्षभरानं कळपात नर म्हणून तेच फिरतं. ही उलटी निवड वर्षानुवर्षं चालू आहे. माझ्या मते चारा आणि रोगराई यांच्याइतकंच कळप खालावण्याचं हेही मोठं कारण आहे, फक्त त्याची चर्चा होत नाही.

पैदास कार्यक्रम आखायचा म्हणजे मुळात तीन कामं करायची. चांगलं नर कोकरू व्यापाऱ्याच्या आधी ओळखायचं, ते थांबवायचं, आणि थांबवण्याचा भुर्दंड एकट्या मालकावर पडू द्यायचा नाही. बिल्ले, वजनकाटा, वह्या, आनुवंशिकतेची गणितं ही सगळी त्यासाठीची साधनं आहेत. तिसरं काम जमलं नाही तर पहिली दोन कितीही शास्त्रशुद्ध करा, कार्यक्रम दुसऱ्या वर्षी बंद पडतो.

हा लेख दख्खनी मेंढी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. सातारा, सांगली, सोलापूर, पुणे, नगर या पट्ट्यातल्या धनगर वाड्यांवरची ही काळी-करडी, काटक, लांब चालणारी मेंढी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार सांगतात. कार्यक्रमाचा सांगाडा मात्र इथिओपियातल्या अनुभवाशी ताडून घेतलेला आहे. तिथे २००९ पासून मेंझ, बोंगा, होरो आणि अफार या स्थानिक मेंढ्यांसाठी गावपातळीवरचे पैदास कार्यक्रम उभे राहिले. निवड सरकारी फार्मवर न होता मेंढपाळांच्याच कळपांत झाली आणि नर गटानं एकत्र वापरले. बोंगाच्या सहकारी संस्था पुढे इतर जिल्ह्यांना पैदाशीचे नर विकू लागल्या. आपल्याकडची बरीच उमेद फार्मवर नर तयार करून वाटण्यात खर्ची पडली. पेंड खाऊन वाढलेला फार्मवरचा नर वाड्यावर आला की चालून थकतो, आणि त्याची निवडही वेगळ्या खाण्यावर झालेली असते. म्हणून मी गावपातळीच्या रचनेच्या बाजूचा आहे.

आधी वाडा बघा

पहिले दोन-तीन महिने काहीही सुधारायला जाऊ नका. वाड्याचं वर्ष समजून घ्या. बरेच वाडे दिवाळीनंतर बाहेर पडतात, कुणी कालव्याच्या बागायती पट्ट्यात, कुणी घाट उतरून कोकणात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. या काळात उत्पन्न दोनच गोष्टींचं: कोकरांची विक्री आणि शेतात मेंढ्या बसवण्याचे पैसे किंवा धान्य. लोकरीला इतका कमी भाव आहे की कातरणीची मजुरीसुद्धा त्यातून निघत नाही. हे एकदा कळलं की कार्यक्रमाचं उद्दिष्ट लोकर असू शकत नाही हे आपोआप ठरतं. लोकरीसाठी मेरिनो आणि रॅम्ब्युलेट नर आणून दख्खनीशी संकर करण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले होते. वाड्यावर त्यांचं फारसं काही उरलं नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही, तो गुण पैदाशीत धरून फायदा नाही.

प्रत्येक वाड्यावर या गोष्टी विचारून लिहून घ्या: मेंढ्या किती, त्यांपैकी विणाऱ्या किती, नर किती आणि कुठून आले, मुख्य वीत कोणत्या महिन्यांत येते, कोकरं कितव्या महिन्यात विकतात, गेल्या वर्षी किती कोकरं मेली आणि कशानं, वाडा किती दिवस बाहेर असतो, सोबत शेळ्या किती. शेवटचा प्रश्न अनेकांना बिनकामाचा वाटतो. पण आईचं दूध कमी पडलेल्या कोकराला शेळीचं दूध पाजतात, त्यामुळे वाड्यावर जुळी जगतील की नाही याचा अंदाज त्या शेळ्यांवरून येतो.

हे प्रश्न बायकांना विचारा. मेंढ्या चारायला पुरुष नेतात, पण डालग्याखालची कोकरं, त्यांचं पाजणं, आजारी कोकराची उस्तवार बायकांकडे असते. संध्याकाळी कळप वाघरीपाशी (मेंढ्या कोंडायच्या जाळीपाशी) आला की कोकरं सोडतात आणि एकच गलका होतो. त्या गोंधळात कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं हे वाड्यावरची बाई न चुकता सांगते. एखादी मेंढी कोकराला लाथ मारत असेल तर तिला धरून पाजायला लावते. कोणत्या मेंढीला दूध आहे, कोणती दरवर्षी कोकरू जगवते, कोणती गाभडते (गर्भ टाकते), ही सगळी वंशावळ तिच्या तोंडी आहे. कार्यक्रमाची बैठक दुपारी पुरुषांपुरती भरवलीत तर ही माहिती तुमच्या वहीत कधीच येणार नाही.

कोणता गुण धरायचा

प्रश्नावली घेऊन 'तुम्हाला कोणते गुण हवेत' असं विचारलं की उत्तर एकच येतं: मोठी मेंढी, जास्त दूध, जास्त कोकरं. त्यापेक्षा कळपात उभं राहून म्हणा, "तुमच्या सर्वात चांगल्या तीन मेंढ्या दाखवा." मग प्रत्येकीबद्दल विचारा, ही का? तिला आतापर्यंत किती वितं झाली, किती कोकरं विकली गेली? त्यानंतर सर्वात वाईट मेंढी दाखवायला सांगा आणि तिच्याबद्दलही हेच विचारा. खरी पसंती अशी बाहेर येते. मेंढपाळ पाय बघतो, खूर बघतो, कास बघतो, दुष्काळी वर्षात कोण टिकलं ते सांगतो. काही वाड्यांवर काळा रंग महत्त्वाचा असतो. भटकंती करणारे कित्येकजण जुळी नकोत असंच म्हणतात, कारण मुक्काम हलवताना कोकरं घोड्यावर न्यायची आणि प्रत्येकाला पुरेसं दूध मिळेल हे बघायचं म्हणजे जिवाचा आटापिटा. त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं समजू नका. त्यांच्या परिस्थितीत तोच हिशेब बरोबर आहे.

निवडीत दोनच गुण मोजा, फार तर तीन. माझी शिफारस अशी: कोकराचं तीन महिन्यांचं वजन आणि त्याच्या आईनं आतापर्यंत किती कोकरं जगवली. रंग, पाय, जबडा, अंडकोष हे मोजायचे गुण नाहीत. ते बाद करायच्या अटी म्हणून ठेवा. पाच-सहा गुण एकदम धरले की प्रत्येकावरचा जोर विरळ होतो आणि दहा वर्षांनी कशातच फरक दिसत नाही.

किती मेंढ्या, किती नर

एका वाड्याचा स्वतंत्र पैदास कार्यक्रम होऊ शकत नाही. ५० मेंढ्यांच्या बंद कळपात एकच नर ठेवला तर एका पिढीत रक्तसंबंधातली पैदास १२ टक्क्यांहून जास्त वाढते. दोन नर ठेवले तरी साडेसहा टक्के. ती १ टक्क्याच्या आत राहिली पाहिजे. नाहीतर अशक्त कोकरं, मरतुक, न फळणाऱ्या मेंढ्या असे परिणाम हळूहळू दिसू लागतात, आणि दोष चाऱ्याला दिला जातो.

आता असेच १२ वाडे एकत्र घ्या. मेंढ्या ६००. पंचवीस मेंढ्यांना एक या प्रमाणात नर २४. रक्तसंबंधाची वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. प्रत्येक नर दोन हंगाम वापरायचा, म्हणजे दरवर्षी १२ नवे नर लागतील. दख्खनीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. सहाशे मेंढ्यांना साडेपाचशेच्या आसपास कोकरं झाली, त्यांतली निम्मी नर, आणि काही मरतुक वजा केली, तर तीन महिन्यांच्या वयाला २४० च्या आसपास नर कोकरं हाताशी येतात. त्यांतून १२ निवडायचे. एवढी कडक निवड मेंढ्यांच्या बाजूनं कधीच करता येत नाही, कारण कळप टिकवायला बहुतेक माद्या ठेवाव्याच लागतात. म्हणून सगळी मेहनत नरांवर खर्च करा.

वाडे निवडताना एकमेकांचे पाहुणे असलेले, एकाच दिशेला भटकंतीला जाणारे वाडे घ्या. नर फिरवताना, पैशाच्या वादात, नोंदीसाठी फोन करताना नात्यातला विश्वासच कामाला येतो. कागदावर आदर्श दिसणारे पण एकमेकांशी बोलणं नसलेले वाडे घेऊ नका.

बिल्ला, काटा, वही

प्रत्येक विणाऱ्या मेंढीच्या आणि जन्मलेल्या कोकराच्या कानात बिल्ला हवा. सरकारी बारा आकडी बिल्ला आधीच असेल तर त्याचे शेवटचे चार-पाच आकडे वापरा, दुसरं भोक पाडू नका. बिल्ला कानाच्या मध्यावर, शिरा चुकवून मारा. कडेला मारला की बाभळीच्या काट्याला अडकून कान फाटतो. भर पावसात बिल्ले मारायचे टाळा, जखमेवर माशी बसून अळ्या पडतात. मालकीच्या जुन्या खुणा आहेत तशा राहू द्या. बिल्ला पडला तर तीच खूण उपयोगी येते.

वजनासाठी ५० किलोचा टांगायचा काटा आणि पोत्याची झोळी पुरते. झाडाची फांदी मिळाली तर ठीक, नाहीतर तीन बांबू वरून एकत्र बांधून उभे करा. जन्मवजन चोवीस तासांच्या आत घ्या. त्यानंतरचं वजन तीन महिन्यांच्या आसपास, सकाळी, कोकरू आईला प्यायच्या आधी. भरल्या पोटानं घेतलेलं वजन फसवं असतं. दर महिन्याला काटा शून्यावर येतो का ते बघा आणि ओळखीच्या वजनाची वस्तू टांगून खात्री करा.

नोंद ठेवणारा माणूस हा कार्यक्रमाचा कणा. दोन-तीन वाड्यांमागे एक, शक्यतो वाड्यावरचाच, बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी घ्या. त्यांना महिन्याचं मानधन द्या. हे काम कुणी फुकट, मन लावून, पाच वर्षं करत नाही. वाडा भटकंतीला गेला की जन्माच्या नोंदी फोनवरून येतील. तारीख विचारली तर अडतं, पण 'अमावास्येच्या आदल्या रात्री', 'संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी' असं बरोबर सांगतात. नोंदणाऱ्यानं कॅलेंडर घेऊन त्याची तारीख करायची. वहीत एका कोकराला एक ओळ: बिल्ला, जन्मतारीख, नर की मादी, एकटं की जुळं, आईचा बिल्ला, आईचं कितवं वीत, बाप माहीत असल्यास त्याचा बिल्ला, जन्मवजन, नंतरचं वजन आणि त्याची तारीख, पुढे काय झालं. शेवटच्या रकान्यात विकलं, मेलं, ठेवलं यांतलं एक लिहायचंच. मेलेल्या कोकरांची ओळ कोरी सोडली तर कोणत्या मेंढ्या कोकरं जगवतात हे कधीच कळणार नाही.

बाप नेहमीच कळतो असं नाही. वाड्यात एकच नर असेल तर प्रश्न नाही. दोन असतील तर गेरू तेलात कालवून एका नराच्या छातीला लावा; मेंढीच्या ढुंगणावर रंग उतरला की नोंद करा. तरीही घोळ राहिला तर आई आणि वजन एवढ्यावर काम चालू ठेवा. बाप कळत नाही म्हणून अख्खी नोंद सोडून देणं परवडत नाही.

नुसतं वजन बघू नका

इथे बहुतेक गट घसरतात. समजा दोन कोकरं काट्यावर आली. पहिलं १५ किलोचं, वय १०४ दिवस, जन्मवजन ३ किलो. दुसरं १४ किलोचं, वय ८४ दिवस, जन्मवजन २.८ किलो. डोळ्यांना पहिलंच भरतं. आता दोघांचं वजन ९० दिवसांवर आणू. आजच्या वजनातून जन्मवजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, ९० नी गुणा आणि जन्मवजन परत मिळवा. पहिल्याचं येतं १३.४ किलो, दुसऱ्याचं १४.८. दुसरं कोकरू जवळपास दीड किलोनं सरस आहे, फक्त ते वीस दिवसांनी लहान होतं. हा हिशेब न करणारा गट दरवर्षी लवकर जन्मलेली कोकरं निवडतो आणि वाढीची निवड केली असं समजतो.

पुढची पायरी म्हणजे बरोबरीच्यांशी तुलना. कालव्याकाठच्या वाड्यावर सरासरी १४.८ किलो आणि तिथलं एक कोकरू १५.६. माळावरच्या वाड्यावर सरासरी ११.५ आणि तिथलं एक १३.५. पैदाशीसाठी दुसरं घ्या. पहिलं आपल्या सरासरीपेक्षा ०.८ किलोनं पुढे आहे, दुसरं २ किलोनं. पहिल्याच्या वजनात उसाच्या वाढ्यांचा आणि हिरव्या चाऱ्याचा वाटा मोठा, आणि चारा पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून यादी सरासरीपासूनच्या फरकावर लावा, तीही वाडा आणि हंगाम वेगळे धरून. जुळ्याची तुलना जुळ्याशी, पहिलटकरणीच्या कोकराची पहिलटकरणीच्या कोकराशी. एखाद्या वाड्यावर त्या हंगामात चार-पाचच कोकरं असतील तर तिथल्या सरासरीवर फार विसंबू नका.

हे सगळं साध्या एक्सेलच्या तक्त्यात होतं. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या की विद्यापीठाच्या पैदासशास्त्र विभागाकडून नात्यागोत्याची माहिती वापरून पैदासमूल्यं (कोणाची संतती किती सरस होईल याचे अंदाज) काढून घ्या, अचूकता वाढते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीवर दीर्घकाळ काम झालेलं आहे. पण त्यासाठी पहिली तीन वर्षं थांबू नका.

निवड दोन टप्प्यांत

तीन महिन्यांना यादीतले वरचे ४० नर थांबवा. बाकीचे खुशाल बाजारात जाऊ देत. सहा महिन्यांना त्या चाळीसांचं पुन्हा वजन घ्या आणि एका जागी बोलवा. एकत्र आणण्याच्या आधी पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लस झालेली हवी, जंताचं औषध दिलेलं हवं, आणि ब्रुसेलोसिससाठी (गर्भपात घडवणाऱ्या संसर्गजन्य रोगासाठी) रक्त तपासलेलं हवं. बारा वाड्यांचे नर एकत्र आणून बारा वाड्यांत पाठवायचे म्हणजे रोगालाही बारा वाटा मिळतात. इथे घाई करू नका.

निवडीच्या दिवशी यादी तुमची आणि डोळा मेंढपाळांचा. गटानं नेमलेले चार-पाच जाणते लोक प्रत्येक नर हातानं तपासतील: दोन्ही अंडकोष उतरलेले, सारखे आणि टणक आहेत का, खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर भिडतात का, पुढचे गुडघे आत वळत नाहीत ना, चालताना मागचे पाय घासत नाहीत ना. आई आधी गाभडली असेल किंवा तिची कोकरं मरत असतील तर नर यादीत वर असूनही बाद. मेंढपाळांनी एखादा नर रंगासाठी नाकारला तर वाद घालू नका. नकोसा नर लादलात तर तो दोन महिन्यांत गुपचूप विकला जातो. चाळिसांतून १८ ठेवा, म्हणजे वर्षभरानंतर १२ कामाला येतील आणि मरतुक-अपघातासाठी काही हाताशी राहतील.

न निवडलेल्या नरांचा बंदोबस्त ही दुसरी बाजू. सहा महिन्यांचा नर मेंढी लावू शकतो. तो कळपात मोकळा राहिला तर निवडलेल्या नराचा उपयोग काय? विकायचा नसेल तर चिमट्यानं खच्ची करा. बकरी ईदसाठी सांभाळलेला नर खच्ची करायचा नसेल तर दुसरा उपाय आहे. त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधा किंवा त्याला वेगळा ठेवा. गटाचा हा नियम लेखी हवा आणि तो मोडला तर दंड हवा.

पैशाचं गणित

आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या बाजाराचे घालून बघा. तीन महिन्यांना थांबवलेल्या चाळीस नरांच्या मालकांना नुसतं थांबा म्हणून चालत नाही. नर सहा महिन्यांना निवडला गेला तर त्या दिवशीचा बाजारभाव आणि वर काही जास्त, असं आधी ठरवा. निवडला गेला नाही तर मालक तो वाढलेल्या वजनाला विकेल, त्यामुळे त्याचं नुकसान फारसं होत नाही. समजा १८ नर प्रत्येकी १० हजारांना गटानं घेतले: १ लाख ८० हजार. वर्गणी मेंढीमागे १०० रुपये: ६० हजार. दोन हंगाम वापरून झालेले १२ नर बकरी ईदच्या आधी १८ हजारांच्या आसपास गेले: २ लाख १६ हजार. तिसऱ्या वर्षापासून निधी स्वतःच्या पायावर चालतो. पहिल्या दोन वर्षांत विकायला जुने नर नसतात, म्हणून दोन-अडीच लाखांचं सुरुवातीचं भांडवल लागतं. बाहेरची मदत मागायची तर ती यासाठी आणि नोंदणाऱ्याच्या मानधनासाठी मागा, शेड बांधायला नको.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२६ मध्ये ती मेअखेरीस येते, म्हणजे जुने नर विकून पावसाच्या सुरुवातीला नवे नर कळपात सोडायचं वेळापत्रक छान जुळतं. पुढच्या वर्षांत ती आणखी अलीकडे सरकली की जुने नर आधी जातील आणि नवे आधी तयार ठेवावे लागतील.

एकदा नर तयार होऊ लागले की ते बाहेरही विकता येतात. राज्याच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ मेंढानर असा गट अनुदानावर दिला जातो. अशा लाभार्थ्याला नर हवाच असतो. वजनाच्या नोंदी आणि आईची माहिती असलेला नर तुमच्या गटाकडे आहे, हे त्याला कळू द्या.

नर फिरवणं

नर ज्या वाड्यात जन्मला तिथे लावायचा नाही, आणि एका वाड्यात दोन हंगामांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर तो स्वतःच्या मुलींना लागतो. वाड्यांना १ ते १२ क्रमांक द्या. एकचा नर दोनला, दोनचा तीनला, बाराचा एकला. वाडा १ चे नर नेहमी वाडा २ लाच जातात हे एवढं सोपं असलं की वही नसली तरी नियम पाळला जातो. नर कोणाच्या ताब्यात आहे, त्याला पेंड कोण घालतं, तो मेला तर काय, हे कागदावर लिहून सह्या-अंगठे घ्या. शक्य असेल तर त्याचा विमा काढा.

जुळ्यांचं जनुक: फलटणचा धडा

मेंढीमागे कोकरं वाढवायची असतील तर नुसत्या निवडीनं फार वेळ लागतो, कारण हा गुण आनुवंशिक रीतीनं फार थोडा उतरतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं म्हणून दुसरी वाट धरली. बंगालच्या सुंदरबनातली गारोल मेंढी अंगानं अगदी लहान, पण तिला जुळी-तिळी सहज होतात. त्याचं कारण एकच जनुक, फेक-बी. ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनोतही तेच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून तिकडे मेंढ्या गेल्या होत्या, त्यांच्यातून ते तिथे पोचलं असं मानतात. गारोलचा संकर दख्खनीशी करायचा, जनुक असलेली संतती ओळखायची आणि ती पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवायची, म्हणजे अंग दख्खनीचं आणि जनुक गारोलचं. २००१ मध्ये हे जनुक नेमकं सापडलं आणि रक्ताच्या थेंबावरून तपासणी शक्य झाली. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ होती. यातून आलेली मेंढी म्हणजे नारी सुवर्णा.

आखणी करणाऱ्यानं यातलं हे लक्षात ठेवायला हवं. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात, आणि वाड्याला तेवढीच झेपतात. दोन प्रती असल्या की तिळ्यांची शक्यता वाढते, कोकरं लहान होतात आणि मरतात. दोन प्रतींचा नर साध्या मेंढ्यांना लावला की सगळ्या मुली एका प्रतीच्या होतात. खुशीत येऊन पुढेही तसाच नर लावला तर त्या मुलींच्या पोटी निम्मी संतती दोन प्रतींची येते. म्हणून दुसऱ्या पिढीला साधा, वाढीसाठी निवडलेला नर लावा. निम्म्या मुलींत एक प्रत राहील. कोणत्या, ते तपासणीवरून किंवा जुळ्यांवरून कळेल. नराची तपासणी केल्याशिवाय असा नर घेऊच नका, आणि तपासणीचा कागद बिल्ल्याच्या नंबरासह मागा.

हे जनुक सगळ्यांनी घ्यावं असं मी म्हणणार नाही. कालव्याकाठी स्थिरावलेला, गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना पेंड-मका घालू शकणारा, सोबत चार शेळ्या असलेला वाडा यातून नक्की कमावतो. सहा महिने घाटाखाली फिरणाऱ्या वाड्याला आधी एकेक कोकरू पण दणकट हवं. एकाच गटात दोन्ही प्रकारचे वाडे असतील तर जुळ्यांचे नर फक्त पहिल्यांकडे फिरवा आणि वहीत त्यांची यादी वेगळी ठेवा.

माडग्याळसारख्या उंच मेंढ्यांच्या नराचा मोह हल्ली बराच आहे. जतच्या भागात ती मेंढी चांगलीच आहे. पण मोठ्या अंगाची मेंढी जास्त खाते, आणि तेवढाच चारा असलेल्या माळावर तिची संख्या कमी करावी लागते. एका मेंढीचं वजन वाढलं आणि वाड्याचं एकूण उत्पन्न घटलं, असं होऊ शकतं. दोन वाड्यांवर दोन वर्षं बघितल्याशिवाय सगळ्या गटात असा नर सोडू नका.

किती वाढ मिळेल आणि ती ओळखायची कशी

तीन महिन्यांच्या वजनात कोकराकोकरांत २.२ किलोचा प्रमाणित फरक (वजनं सरासरीच्या आसपास किती पसरतात त्याचं माप) धरू आणि त्यातला पाचवा हिस्सा आनुवंशिक. नरांत दहातला एक निवडला (बारा नरांचा हिशेब वीसातला एक येतो, पण नोंदी चुकतात, चांगला नर बाद होतो, म्हणून सैल धरलं), माद्यांत पाचातल्या चार ठेवल्या, नर सरासरी अडीच आणि मेंढ्या चार वर्षांच्या असताना संतती आली, तर वर्षाला १४० ग्रॅमच्या आसपास वाढ मिळते. दहा वर्षांत १.४ किलो. यातले सहापैकी पाच हिस्से नरांच्या निवडीतून येतात. आकडा लहान वाटेल, पण तो प्रत्येक कोकरामागे आहे, दरवर्षी आहे, आणि त्यासाठी जास्तीची पेंड विकत घ्यावी लागत नाही.

एवढी वाढ एका वर्षी डोळ्यांना दिसणार नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळीच कोकरं दोन किलोनं भरतात, दुष्काळात उतरतात, त्यामुळे यंदाची सरासरी गेल्या वर्षीच्या सरासरीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दोन-तीन वाड्यांत दोन जुने नर एक हंगाम जास्त थांबवा, ते जिथे आधी लागले नव्हते अशा वाड्यात, आणि त्याच हंगामात, त्याच कळपात जुन्या व नव्या नरांच्या कोकरांची वजनं शेजारी-शेजारी ठेवा. बापाची नोंद इथे पक्की हवी, म्हणून गेरूचं काम याच वाड्यांत नेटानं करा. पाचव्या वर्षानंतर नव्यांची कोकरं सातत्यानं पुढे दिसली नाहीत, तर आधी वजनाच्या तारखा आणि मोकळे फिरणारे न निवडलेले नर तपासा. दोष बहुतेक वेळा या दोन ठिकाणी सापडतो.